पडशी आणि पेटी : दिंडीच्या सामानाची शंभर वर्षे

दिंडीच्या शताब्दीची स्मरणिका काढायचं ठरलं, तेव्हा विषयांची वाटणी झाली. कुणाकडे गुरुपरंपरा आली, कुणाकडे वीणेकऱ्यांची नामावळी, कुणाकडे मठाच्या बांधकामाची हकिकत. आमच्या वाट्याला आलं सामान. बैठकीत थोडं हसू झालं. "सामानाचा कसला आलाय इतिहास? तांब्या, ताट आणि पथारी!" असं एक माउली म्हणाले. आम्हीही हसलो आणि कामाला लागलो.

मठाच्या माळ्यावर जुन्या वह्या होत्या. त्यात वर्गणी आणि शिधा यांच्याबरोबर दर सालच्या सामानाच्या याद्याही होत्या. एका कोपऱ्यात सागवानी पेटी सापडली. कडी गंजलेली, आत एक कंदील, सुतळीचा गुंडा आणि काचेच्या रिकाम्या बाटल्या. वह्या वाचल्या, पेटी पुसली, गावातल्या जुन्या जाणत्यांना बोलतं केलं. मग ध्यानात आलं, की शंभर वर्षांत आपलं भजन बदललं नाही, चाली बदलल्या नाहीत, पावलीही तीच. बदललं ते सामान. आणि सामान बदलताना दिंडीनं एक मोठी चूक केली, तिची किंमत मोजली आणि मग ती सुधारली. ती हकिकत पुढच्या पिढीला माहीत असावी, म्हणून हा लेख.

पहिल्या कर्ण्याला गाठोडं बांधायचं

वारी मुळातच शिस्तीची. तुकोबारायांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखीची प्रथा सुरू केली. पुढे १८३२ च्या सुमारास आरफळच्या हैबतबाबांनी माउलींच्या पालखीला स्वतंत्र सोहळ्याचं रूप दिलं. हैबतबाबा शिंदे सरकारच्या दरबारी राहिलेले, सरदारी पाहिलेले. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून घोडे, तंबू असा लवाजमा आला. म्हणून आजही सोहळ्यात चोपदार आहेत, रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांचे क्रम ठरलेले आहेत, निघण्याचे इशारे ठरलेले आहेत. पहिला कर्णा झाला की सामान आवरायचं, दुसऱ्याला दिंडीनं आपल्या जागेवर उभं राहायचं, तिसऱ्याला पालखी चालू लागते. फौजेत वाढलेल्या माणसाला ठाऊक असतं, की हजारो माणसं एका दिशेनं चालायची तर प्रत्येकाचं गाठोडं वेळेत बांधलं गेलं पाहिजे. हे गाठोडं म्हणजेच आमचा विषय.

आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउली निघतात आणि आषाढी एकादशीला आपण पंढरीत असतो. म्हणजे ऐन पावसाच्या तोंडावर, पेरणी झाली-न झाली अशा दिवसांत, अठरा-वीस दिवस उघड्यावर. दिवे घाटात धो धो कोसळेल, तर फलटणच्या पुढे माळावर पाण्याचा थेंब नाही आणि ऊन डोक्यात जाईल. अशा वाटेवर काय जवळ ठेवायचं, हे वारकऱ्याला कुणी शिकवावं लागलं नाही. बापानं पोराला पडशी भरून दिली, पोरानं ती पाहून शिकून घेतली.

जुन्या माणसाची पडशी

पडशी म्हणजे दोन तोंडांची, खांद्यावर टाकायची झोळी. एक तोंड छातीवर, दुसरं पाठीवर. यात शहाणपण असं, की वजन दोन्हीकडे सारखं वाटलं जातं आणि हात टाळाला मोकळे राहतात. जुने लोक पुढच्या तोंडात जोखमीचं आणि लागणारं ठेवत, मागच्या तोंडात न लागणारं. म्हणजे पुढे चकमक, चंची, सुंठीचा तुकडा, मीठमिरची, सुईदोरा. मागे धोतर, शिधा, पोथी. चालता चालता न थांबता हात घालता आला पाहिजे, हा नियम.

याद्यांवरून आणि आठवणींवरून त्या पडशीतलं सामान असं दिसतं: पितळी तांब्या आणि त्याच्या गळ्याला बांधलेला लांब दोर; काडेपेटी महाग किंवा भिजकी असेल म्हणून गार, लोखंड आणि कापूस; ओवा, सुंठ, हळदीची पूड; खोबरेल तेलाची लहान बुधली; जुन्या लुगड्याच्या धुतलेल्या चिंध्या; सुई, दोरा, आणि पायात रुतलेला काटा काढायला बाभळीचाच एक काटा. अंगावर घोंगडी. आज नव्या पोरांना घोंगडी म्हणजे ओझं वाटतं. पण ती अंथरूण होती, पांघरूण होती, पावसात डोक्यावर खोळ होती, आणि माणूस पडला तर दोन काठ्यांत गुंडाळून त्याची डोली होत होती. एका वस्तूची चार कामं झाली पाहिजेत, तरच ती खांद्यावर चढायची.

तांब्याच्या दोराचं कौतुक सांगावं तेवढं थोडं. वाटेवर विहिरी असत, पण प्रत्येक विहिरीवर पोहरा नसे. ज्याच्याकडे दोर तो पाणी काढी आणि दहाजणांना पाजी. त्याच दोरानं कुणाची तुटलेली वहाण बांधली, ओढ्याच्या पाण्यात म्हातारीला धरून पैलतीरी नेली, गाडीचा जू सुटला तर आवळला. जुन्यांच्या तोंडी एक बोलणं होतं: दोर संपला की वारी संपली.

गाडीखालचा कंदील

दिंडीला पहिल्या वर्षांत एक बैलगाडी होती. तिच्यात शिधा, भांडी, राहुट्या आणि थकलेला एखादा वारकरी. गाडीवान हा दिंडीतला महत्त्वाचा माणूस. वहीत त्याचं सामान वेगळं लिहिलेलं आहे. आखाला घालायचं वंगण नळकांड्यात. चाकाची जादा खीळ. पहार, कुऱ्हाड, बादली. बैलांच्या खुरांच्या जादा पत्र्या आणि खिळे. जुवानं खांदा सुजला तर लावायला तेल आणि हळद. दोन जादा दोर, एक जाड आणि एक बारीक. गाडी उतारावर थांबवायची वेळ आली तर चाकाला लावायला लाकडी ठोकळे. आणि आखाच्या खाली टांगलेला कंदील.

हा कंदील गाडीवानाला वाट दिसावी म्हणून नव्हता. बैलाला अंधारात वाट दिसते, निदान माणसापेक्षा बरी दिसते. मागून येणाऱ्या गाडीला आपली गाडी दिसावी, म्हणून तो खाली टांगलेला. स्वतःला दिसणं आणि दुसऱ्याला आपण दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या गाडीवानांना कळलेलं होतं. पुढे आपण ते विसरलो, त्याबद्दल खाली लिहिलंच आहे.

त्या काळचं सगळ्यात मोठं भय पटकीचं. जत्रा आणि पटकी ही जोडगोळी होती. सांजेला धडधाकट दिसणारा माणूस सकाळी उठत नसे. पटकीवरची लस हाफकिन यांनी १८९२ साली तयार केली. त्यांच्याच नावाची संस्था आज मुंबईत परळला आहे. आमच्या आजोबांच्या पिढीला यात्रेच्या आधी पटकीची सुई टोचून घ्यावी लागे आणि तिचा दाखला जपून ठेवावा लागे. पडशीच्या पुढच्या तोंडात तो कागद मेणकापडात गुंडाळून ठेवलेला असे. दंड सुजायचा, ताप यायचा, पण लोक टोचून घ्यायचे, कारण गाडीतून माणूस परत नेण्याचे प्रसंग त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले होते. पाणी उकळून पिण्याची चाल तेव्हा फार नव्हती, तुरटी फिरवत. तुरटीनं गाळ खाली बसतो, पण रोगाचे जंतू मरत नाहीत, हे कळायला आणखी बराच काळ गेला.

ट्रक आला आणि पडशी रिकामी झाली

मग ट्रक आला. वहीत त्या साली एकच ओळ आहे, भाडं आणि डिझेलचा हिशेब. पण दिंडीच्या इतिहासात त्या ओळीइतकी मोठी घडामोड दुसरी नाही.

ट्रक आल्याचा आनंद केवढा! मोठ्या राहुट्या आल्या, गॅसबत्ती आली, तिचे मेंटल आणि पिना आल्या, मोठी पातेली आली. म्हाताऱ्या माणसांची वळकटी ट्रकात गेली. मग तरुणांची गेली. मग पडशीही गेली. "कशाला खांदा झिजवायचा, आहे की ट्रक!" दोन-चार वर्षांत अशी पाळी आली, की दिंडीत चालणाऱ्या माणसाच्या गळ्यात टाळ आणि माळ, हातात पताका, याखेरीज काही नाही. घोंगडी मठात राहिली. तांब्या राहिला, पण दोर गेला. वाटेवर नळ आले होते, टँकर उभे राहू लागले होते. औषधांची पेटी तर आधीपेक्षा चांगली झाली. कुणी डॉक्टर माउलींनी भरून दिलेली, पांढऱ्या रंगाची, तिला कुलूप.

आता इथे एक साधी गोष्ट आमच्या कुणाच्याच ध्यानात आली नाही. बैलगाडी दिंडीच्या मागून यायची, बैलाच्या चालीनं, माणसाच्या चालीनं. ट्रक तसा चालत नाही. सकाळी सामान भरलं, की तो पुढच्या मुक्कामी जाऊन उभा राहतो. तिथे जागा धरायची असते, राहुट्या ठोकायच्या असतात, चूल पेटवायची असते. म्हणजे सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत, ज्या वेळात माणसाला काही होण्याचा संभव सगळ्यात जास्त, त्या वेळात दिंडीचं सगळं सामान दिंडीपासून पाच-दहा कोस लांब असतं. पूर्वी थोडं होतं, पण जवळ होतं. आता भरपूर होतं, पण लांब.

माळशिरसच्या पुढची दुपार

ट्रक आल्यानंतर काही वर्षांनी जे घडलं ते दिंडीतल्या जुन्या माणसांनी पाहिलेलं आहे. ते आम्ही टाळू शकलो असतो. शताब्दीच्या पुस्तकात वाईट कशाला, असं काहींचं मत पडलं. पण टाळायचं नाही असं बैठकीत ठरलं.

माळशिरसहून वेळापूरला निघालो होतो. ऊन कडक. आपल्या गावच्या एक आजी, वय साठीच्या पुढे, डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालत होत्या. पहाटेपासून त्यांचं पोट बिघडलं होतं. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. बाईमाणसानं उघड्या माळावर किती वेळा आडोसा शोधायचा, या संकोचानं त्यांनी पाणी पिणं बंद केलं. पाणी प्यायलं नाही म्हणजे त्रास कमी होईल, अशी समजूत. दुपारी त्या बसल्या त्या उठल्या नाहीत. तोंड कोरडं, डोळे आत गेलेले, हातपाय गार.

दिंडीत शंभराच्या वर माणसं होती. एकाकडेही साखरमीठ नव्हतं. दोन-तीन तांबे होते, त्यात तळाशी घोटभर पाणी. औषधांची पांढरी पेटी वेळापूरला पोचलेली, ट्रकात, कुलपात. किल्ली व्यवस्थापकांच्या कमरेला आणि व्यवस्थापक ट्रकाबरोबर. आजींना कुठल्या गोळ्या चालू आहेत हे कुणाला माहीत नव्हतं. गोळ्याही वळकटीत, वळकटी ट्रकात. डोली करायला घोंगडी नव्हती. वाटेवरच्या वस्तीतल्या माणसांनी जीप काढली, पण तोवर उशीर झाला होता. आजी दवाखान्याच्या वाटेवर गेल्या.

त्यांचं वृंदावन दुसऱ्या एका माउलीनं डोक्यावर घेतलं आणि पंढरपूरला नेलं. त्या रात्री वेळापूरच्या मुक्कामी कीर्तन झालं. लोक म्हणाले, "वारीच्या वाटेवर मरण आलं, भाग्याची बाई." वारकऱ्याच्या तोंडी हे येणारच, आणि ते खोटंही नाही. पण आपले त्या वेळचे वीणेकरी बुवा उठून उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "भाग्य तिचं. चूक आपली. दोन्ही एकात मिसळू नका."

हे वाक्य ज्यांनी ऐकलं त्यांच्यापैकी काहीजण आज हयात आहेत. ते सांगताना अजून त्यांचा आवाज जड होतो.

वाखरीची बैठक

त्याच वर्षी वाखरीच्या तळावर दिंडीची बैठक बसली. दोन मतं होती. एक मत असं, की वारकरी देवाच्या भरवशावर निघतो. औषधं, गोळ्या, चिठ्ठ्या बांधून निघायचं तर तो भरवसा कसला? आजवर पांडुरंगानं नेलं, पुढेही नेईल. दुसरं मत आमच्या गाडीवान आजोबांचं. त्यांची गाडी सुटली होती, पण ते वारीला येत. ते म्हणाले, "मी चाळीस वर्षं गाडी हाकली. रोज देवाचं नाव घेऊन हाकली. पण घाटात उतरताना चाकाला ठोकळा लावायला कधी विसरलो नाही. ठोकळा लावला म्हणून देवाचा राग आला असं काही मला दिसलं नाही."

त्यावर कुणाला उत्तर सुचलं नाही. बैठकीत जे ठरलं ते आजही आपल्या दिंडीत चालू आहे. थोडक्यात असं: जे जिवाला लागतं ते अंगावर, जे दहाजणांना लागतं ते मधल्या झोळीत, जे दिंडीला लागतं ते ट्रकात.

अंगावर म्हणजे प्रत्येकाच्या पडशीत. पाण्याची बाटली किंवा तांब्या, भरलेला. जलसंजीवनीची दोन पाकिटं, नसेल तर साखरमिठाची पुडी. चालू औषधांच्या तीन दिवसांच्या गोळ्या. चिठ्ठी: नाव, गाव, दिंडीचा क्रमांक, रथापुढे की रथामागे, घरचा फोन, कसला आजार, कोणती गोळी. स्वच्छ फडकं आणि चिकटपट्टी. प्लॅस्टिकचा कागद, पावसासाठी. लहान बॅटरी. शिट्टी. एवढंच.

चिठ्ठीचा उपयोग लगेच दिसला. समाजआरतीच्या वेळी हरवल्या-सापडल्याची वर्दी चोपदार देतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पुढच्याच वर्षी आपल्या दिंडीतलं एक पोर लोणंदला गर्दीत चुकलं. चिठ्ठीवर दिंडीचा क्रमांक होता. रात्रीच्या आत ते राहुटीत परत आलं, वर कुणीतरी दिलेली शेंगदाण्याची पुडी हातात घेऊन.

मधली झोळी ही आपल्या दिंडीची स्वतःची रीत. तीन माणसं, एक दिंडीच्या पुढे, एक मध्ये, एक मागे. प्रत्येकाकडे एक झोळी, तिला कुलूप नाही. बँडेजच्या पट्ट्या, कापूस, जंतुनाशक, जलसंजीवनीची दहा पाकिटं, तापाची गोळी, फोडांसाठी मलम, कात्री, दहा हात दोर आणि एक घोंगडी. हो, घोंगडी परत आली. चालताना ही तीन माणसं बदलत नाहीत, म्हणजे अडचणीत कुणाकडे धावायचं हे बायकापोरांनाही ठाऊक असतं. यातल्या एका झोळीवाल्याची जागा बाईमाणसाला दिलेली आहे, ते त्या आजींमुळेच. जे आजी पुरुषाला सांगू शकल्या नाहीत, ते दुसरी एखादी तिला सांगू शकेल.

जलसंजीवनीची गोष्ट

साखरमिठाच्या पाण्याची गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. १९७१ साली बांगलादेशाच्या युद्धात लाखो निर्वासित बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोडा यांचं पाणी तोंडावाटे पाजायला सुरुवात केली. डबे भरून ठेवले आणि घरच्या माणसांनीच आपल्या रोग्याला पाजावं असं सांगितलं. मरणाऱ्यांचं प्रमाण एकदम खाली आलं. त्यांच्या पश्चात २०२३ साली त्यांना पद्मविभूषण जाहीर झालं.

हे पाणी करणं सोपं आहे. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चव आपल्या डोळ्यातल्या पाण्याहून जास्त खारट लागता कामा नये. लागली तर टाकून द्या, नवं करा. घोट घोट पाजायचं, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा पाजायचं. माणूस ग्लानीत असेल, गिळता येत नसेल, तर पाजत बसू नका, दवाखाना गाठा. आमच्या आजींना त्या सकाळी हे पाणी मिळालं असतं तर काय झालं असतं, हे पांडुरंगाला माहीत. पण त्यानंतर हगवणीनं आपल्या दिंडीतलं माणूस गेलेलं नाही.

टँकरच्या पाण्याबद्दलही ठरलं. शंका असेल तर वीस लिटरच्या भांड्याला अर्ध्या ग्रॅमची क्लोरीनची एक गोळी, आणि अर्धा तास थांबायचं. वास येतो म्हणून नाक मुरडायचं नाही.

ट्रकातली पेटी

ट्रकातलं सामानही सुधारलं. पेटीच्या दोन किल्ल्या झाल्या, एक व्यवस्थापकाकडे आणि एक पेटीच्याच दांडीला दोऱ्यानं बांधलेली. म्हणजे कुलूप चोरापुरतं, माणसापुरतं नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी मठासमोर ट्रक उभा करून यादी मोठ्यानं वाचतात आणि एकजण वस्तू हात लावून दाखवतो. हातात आली तरच खूण. स्टेपनी, जॅक, पाना, टामी, चाकांचे ठोकळे, ओढायला दोरखंड, पहार, फावडं, कुऱ्हाड, ताडपत्री आणि खुंट्या, आग विझवायचं लाल नळकांडं आणि वाळूची बादली, कारण सिलिंडर आणि चूल एकाच राहुटीत नको म्हटलं तरी पावसात ती जवळ येतातच. स्ट्रेचर, दोन ब्लँकेटं. दोन दिवस पुरेल इतकं पिण्याचं पाणी आणि चुरमुरे-शेंगदाणे-गूळ, म्हणजे रस्ता अडला तरी पोट अडणार नाही. वाटेवरच्या सरकारी दवाखान्यांची यादी कागदावर लिहून, काचेजवळ चिकटवलेली. मोबाइल उतरला तरी कागद उतरत नाही. त्यावरच ठळक अक्षरात १०८ आणि ११२.

सापाबद्दल यादीच्या खाली वेगळी टीप आहे, कारण या एका बाबतीत जुन्यांच्या रीतीपैकी काही चुकीच्या होत्या. करकचून बांधायचं नाही, चिरा द्यायचा नाही, तोंडानं ओढायचं नाही, मांत्रिकाकडे वेळ घालवायचा नाही. माणसाला चालू द्यायचं नाही. हात किंवा पाय फळीला हलकेच बांधून स्थिर ठेवायचा आणि तडक सरकारी दवाखाना. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर एकच लस चालते आणि ती तिथे मिळते. तेवढ्यासाठी राहुटीत बॅटरी उशाला ठेवायची आणि रात्री वहाण झटकून घालायची.

पुन्हा कंदील

नोव्हेंबर २०१९ मध्ये दिवे घाटात आळंदीकडे निघालेल्या नामदेव महाराजांच्या दिंडीत ब्रेक निकामी झालेलं अवजड यंत्र घुसलं आणि वारकरी दगावले. साऱ्या संप्रदायाला तो घाव बसला. आपल्या दिंडीतही बैठक झाली आणि तेव्हा एका जुन्या माउलीनं गाडीखालच्या कंदिलाची आठवण काढली. आपण दिवे विकत घेतले ते आपल्याला दिसावं म्हणून; आपण दुसऱ्याला दिसावं म्हणून काय केलं?

त्या वर्षापासून दिंडीच्या पुढे पन्नास पावलं आणि मागे पन्नास पावलं एकेक माणूस, अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट, दिवसा लाल निशाण, अंधारात लाल दिवा. प्रत्येकाच्या पडशीच्या मागच्या बाजूला चमकणारी पट्टी शिवलेली. उतारावर ट्रक उभा केला तर आधी ठोकळा, मग दार. ज्या अपघातात गाडीच आवरत नाही तिथे हे सगळं पुरेल असं आम्ही म्हणत नाही. पण मागच्या माणसाची शिट्टी वाजली तर रस्त्याची कड धरायला चार क्षण मिळतात, आणि कधी कधी तेवढेच लागतात.

फार झालं तेही वाईट

आता एक उलटी गोष्टही नोंदवली पाहिजे. हल्ली नवी पोरं वारीला येतात, आनंद आहे. पण काहींच्या पाठीवर दहा-बारा किलोची बॅग असते: दोन चार्जर, तीन बॅटऱ्या, पाच प्रकारच्या सुऱ्या, औषधांचं आख्खं दुकान. पुण्याहून सासवडचा टप्पा तीस किलोमीटरच्या वर, त्यात घाट. सासवडला पोचेपर्यंत बॅग ट्रकात जाते, आणि मग बॅगेतली बाटली आणि गोळीही तिच्याबरोबर जाते. म्हणजे फार घेणारा शेवटी रिकाम्या हातानंच चालतो. ट्रक आला तेव्हाची चूक ती हीच, फक्त उलट्या दारानं आलेली.

म्हणून दिंडीत एक जुनी परीक्षा आहे. पडशी भरून खांद्यावर घ्यायची, उभ्यानं हरिपाठ म्हणायचा. मध्ये खांदा बदलावासा वाटला तर एक वस्तू बाहेर काढायची, आणि पुन्हा म्हणायचा. जलसंजीवनी आणि चिठ्ठी सोडून काहीही काढता येतं.

खुंटीवरची पडशी

२०२० साली वारी झाली नाही. माउलींच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या आणि आपण घरी राहिलो. प्रस्थानाच्या दिवशी गावातल्या बऱ्याच घरी लोकांनी सवयीनं पडशी भरली. चिठ्ठी लिहिली, पाकिटं ठेवली, बाटली भरली आणि ती खुंटीला अडकवली. तीच पडशी मग त्या दोन वर्षांत कामाला आली. रात्री कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली, तेव्हा काय चालू आहे, कोणती गोळी, कुणाला फोन करायचा, हे सगळं खुंटीवर तयार होतं. त्यानंतर अनेक घरांत पडशी वर्षभर भरलेलीच असते. शेतावर जाताना, मोटारसायकलवरून बाजाराला जाताना ती बरोबर असते. कुणाच्या जीपमध्येही दोर, ठोकळा आणि पाण्याचा कॅन दिसू लागला आहे. वारीनं घराला जे दिलं त्यात हेही आहे.

माळ्यावरची सागवानी पेटी आम्ही धुऊन, तेल लावून मठाच्या ओट्यावर ठेवली आहे. तिला कुलूप लावलेलं नाही. आत कंदील आहे, गाडीवान आजोबांचा एक ठोकळा आहे आणि आजींचं नाव लिहिलेली एक चिठ्ठी आहे. त्यांच्या घरच्यांच्या परवानगीनं ती ठेवली आहे. यंदा शंभराव्या वर्षी निघताना प्रत्येकानं तिथे थांबावं, आपली पडशी उघडून पाहावी आणि मगच दिंडीत उभं राहावं, एवढी विनंती. पहिला कर्णा होईल तेव्हा घाई असते. आदल्या रात्रीच पाहून ठेवा.

रामकृष्णहरी.